नंदीशच्या नावाखाली

"नंदीशला दत्तक मुलगा एक, युवराज. पुढं?"

शरणबसप्पाने वंशावळीच्या वहीवरून मान वर केली. महारुद्रांचा थोरला मुलगा कृष्णराज मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. त्याच्या आईने, रुद्रम्माने, पदर तोंडाला लावला. लोडाला टेकलेले महारुद्र, नंदीशचे थोरले भाऊ, सरळ झाले आणि म्हणाले, "पुढं काय न्हाय. त्याच्या खालचं घर वाच."

"थांबा," हर्षाली म्हणाली. "काय वाचलंत? परत वाचा."

"नंदीश, बाप संगप्पा. बायको कमलबाई, माहेर वाशी. दत्तक..."

"मी कुठं आहे?"

"तुमी?" शरणबसप्पाने चष्मा कपाळावर चढवला. "तुमी मालकांच्या धाकट्या लेक न्हवं? फोनवर घरचीच लेक म्हणालात, म्या तसंच समजलो."

"मी नंदीशची मुलगी."

शरणबसप्पाने महारुद्रांकडे पाहिलं, मग वहीकडे, मग परत महारुद्रांकडे. पन्नाशीचा माणूस, पण मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला.

त्याला बोलावलं होतं हर्षालीनेच. हेळवी कुणी बोलावून येत नाही. तो दहा-बारा वर्षांतून एकदा सीमेपलीकडून आपला आपण येतो, घराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून वाचून दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं वहीत चढवतो आणि धान्य, घोंगडं घेऊन पुढच्या गावाला जातो. अणदूरच्या बिराजदारांची वही शरणबसप्पाच्या घरात सात पिढ्या होती. त्याचा बाप बैलगाडीने यायचा. हा मोटारसायकलवर आला होता, मागे वह्यांची ट्रंक दोरीने आवळून. पण यंदा हर्षालीला त्याची वाट बघायला वेळ नव्हता. दोन वर्षं ती घरातली कागदपत्रं जमवत होती. पेट्यांच्या तळातले फोटो, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, आजोबांच्या हातची पोस्टकार्डं. प्रत्येक फोटो घेऊन ती म्हाताऱ्या माणसांपुढे बसायची, हा कोण, ती कोण विचारायची आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहायची. घरात त्याला हर्षालीचं खूळ म्हणत. या सगळ्याला हेळव्याच्या वहीचा आधार मिळाला, की एक चांगलं पुस्तक छापून घराघरात द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बापाचा फोटो टाकायचा, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती उठली आणि तिने वही स्वतःकडे ओढली. शरणबसप्पा हां हां करत राहिला. सहा वर्षं तहसीलच्या अभिलेख कक्षात काम केलेल्या मुलीला जुन्या नोंदी वाचायला शिकवावं लागत नाही. नंदीशच्या नावाखाली निळ्या शाईत स्पष्ट लिहिलं होतं. दत्तक युवराज, जनक बाप महारुद्र. बाईचा होकार. सांगणार महारुद्र. खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"थोरले अप्पा, हे काय आहे?"

"नोंद हाय," महारुद्र म्हणाले.

"माझं नाव का नाही?"

"लेकींची नावं वहीत घालत न्हाईत. रीत हाय ती. लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाणारं माणूस."

हर्षालीने एक पान मागे उलटलं. कृष्णराजच्या नावाखाली त्याच्या मुलीचं नाव नुकतंच, पंधरा मिनिटांपूर्वी, महारुद्रांनी स्वतः मोठ्या आवाजात सांगितलं होतं. आरोही. अजून ओलसर असलेली शाई बोटाला लागली. तिने ते बोट महारुद्रांपुढे धरलं.

"ही कोण मग? ही जाणार नाही का दुसऱ्याच्या घरी?"

महारुद्रांच्या तोंडावर त्यांच्या घरातलं कुणी असं बोट धरलं नव्हतं. ते एवढ्या जोरात ओरडले, की स्वयंपाकघरात पुरण वाटत असलेली कमलबाई हात तसेच घेऊन बाहेर आली.

"बोट खाली कर! कुणापुढं नाचवतीस? तुझ्या बापाला म्या खांद्यावर घेऊन फिरवलाय, तुला काय ठाव?"

हे खरं होतं, आणि त्याचाच त्यांना राग होता. नंदीश त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई त्याच्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली ती कायमची, आणि नंद्याला वाढवला तो महारुद्रांनी. खंडोबाच्या जत्रेसाठी तेरखेड्याहून शोभेचं दारूकाम आणायला त्याला पाठवला तोही त्यांनीच. नंदीश म्हणत होता, अप्पा, उद्या जातो, आज अंगात कणकण आहे. महारुद्र म्हणाले, आजच जा. परत येताना येडशीच्या घाटात टेंपो उलटला. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत महारुद्रांनी जत्रेचं दारूकाम एकदाही पाहिलं नाही, त्या वेळी ते रानात जाऊन बसत. कुणी त्यांना कधी विचारलं नाही की का. अकरा वर्षांपूर्वी हेळव्याने वही उघडली, आणि त्यांना नंदीशच्या नावाखाली कोरी जागा दिसली. भाऊ आपल्या शब्दाखातर मेला आणि त्याचं घर बुडालं. मग आपली दोन पोरं आहेत, त्यातलं एक त्याला दिलं तर बिघडलं कुठं? त्यांनी दिलं. स्वतःचा मुलगा काढून भावाला दिला. जगात किती माणसं असं करतात? आणि आज ही पोरगी बोट नाचवते.

"म्या माझं लेकरू दिलंय नंद्याला," ते म्हणाले. "नंद्याचं नाव पुढं चालावं म्हणून. तुमाला काय मज्जा वाटली व्हय?"

"मला कुणी विचारलं?"

हे युवराज बोलला. तो इतका वेळ दाराशी, भिंतीला टेकून उभा होता. एकतीस वर्षांचा माणूस, सोलापूरला स्वतःचं औषधांचं दुकान, दुकान बंद ठेवून आला होता तो हर्षालीने दहा वेळा फोन केला म्हणून.

"तू पुण्यात व्हतास, शिकत," महारुद्र म्हणाले.

"पुण्यात फोन नव्हते का? वीस वर्षांचा होतो अप्पा मी. बोकड आहे का मी, ह्या दावणीचं सोडलं, त्या दावणीला बांधलं?"

"अरे, वहीतलं आहे ते," कृष्णराजने शेवटी मोबाइल खाली ठेवला. "कागदोपत्री कुठं काय बदललंय? तुझं आडनाव तेच, घर तेच. कशाला एवढा तमाशा?"

"तुला माहीत होतं?"

कृष्णराज मोबाइल परत उचलायला गेला.

"दादा, मी विचारतोय. तुला माहीत होतं?"

"मी इथंच बसलो होतो त्या दिवशी. अप्पांनी सांगितलं, ह्यांनी लिहिलं. मी मधी कशाला बोलू?"

"व्हय, तू मधी कशाला बोलशील," युवराज म्हणाला. "अप्पांच्या नावाखाली तू एकटाच राहिलास की, संगप्पाच्या थोरल्या घराचा एकुलता एक वारस. अकरा वर्षं भाऊ भाऊ करतोस आणि मी तुझा चुलतभाऊ आहे, हे सांगितलं नाहीस."

कृष्णराज ताडकन उठला. त्याच्या बायकोने आतून येऊन त्याचा हात धरला नसता, तर दोघं भाऊ बैठकीतच एकमेकांच्या अंगावर गेले असते.

कमलबाई अजून स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी होती. हाताचं पुरण वाळत चाललं होतं. तिने हर्षालीला विचारलं, "काय लिवलंय, ते मला वाचून दाव."

हर्षालीने वाचलं. बाईचा होकार, या शब्दांशी आल्यावर कमलबाई म्हणाली, "परत."

"बाईचा होकार."

"कोणत्या बाईचा?"

शरणबसप्पा खाली मान घालून म्हणाला, "मालक म्हणाले, आत विचारून आलोय, ती हो म्हणती. म्या आत जाऊन विचाराया पायजे व्हतं, बाई. चुकलं माझं."

"त्या दिवशी म्या कुठं व्हते?" कमलबाई स्वतःशीच म्हणाली. मग तिला आठवलं, आणि ती महारुद्रांकडे नाही, रुद्रम्माकडे वळली. "अक्का, तुमी मला तुळजापूरला धाडलं व्हतं."

रुद्रम्माने पदर तोंडावरून काढला नाही.

"नवस फेडायचाय म्हणालात. गुडघं दुखत्यात, माझ्यानं पायऱ्या व्हायच्या न्हाईत, तू जाऊन नारळ दे, म्हणालात. म्या सकाळच्या यष्टीनं गेले. रांगंत चार तास उभी राहिले तुमच्या नवसासाठी. तुमी मला घालवून दिलं व्हतं, अक्का?"

रुद्रम्माला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. आदल्या रात्री नवऱ्याने तिला सांगितलं, धाकटा नंद्याला देतोय, कमळीला उद्या घरात ठेवू नको, रडारड करील. ती म्हणाली होती, माझ्या पोटचं पोर आहे ते. नवरा म्हणाला होता, पोर कुठं चाललंय, नाव चाललंय. आणि ती कूस बदलून झोपली होती. नाव चाललंय एवढंच. पण दुसऱ्या दिवशी शरणबसप्पा लिहीत असताना ती न्हाणीघरात जाऊन रडली, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला तरी कुणी इचारलं, कमळे?" ती म्हणाली. "माझं तर लेकरू गेलं की."

"तुमाला ठाव व्हतं!" कमलबाई ओरडली. तीस वर्षांत त्या घराने तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "भावजींचं सोडा, पुरुषमाणूस, त्यास्नी वाटतं घर त्यांच्या बोलण्यावर चालतं. तुमी न् मी एका चुलीवर भाकरी थापल्या. तुमाला टायफाइड झाला तवा ह्याला चार महिने कुशीत घेऊन झोपले म्या, हर्षी पाळण्यात रडत ठेवून. आणि हर्षी मेली म्हणून लिवून घेतलं तुमी!"

"मेली कुठं लिहिलंय..." कृष्णराज पुटपुटला.

"न्हायच म्हणून लिवलंय! मेलेल्याचं नाव तरी असतंय वहीत. हिचं न्हाय. ही पैदाच झाली न्हाय!"

हर्षाली आईचा दंड धरून उभी होती. तिचा स्वतःचा राग आईच्या रागापुढे मागे पडला होता. उरलं होतं ते वेगळंच, जास्त वाईट. दोन वर्षं ती याच लोकांपुढे फोटो घेऊन बसली होती. थोरल्या अप्पांनी प्रत्येक फोटोतला नंदीश तिला बोट ठेवून दाखवला होता, हा बघ तुझा बाप, ही त्याची टोपी मी आणली होती. आणि तेव्हाही त्यांना माहीत होतं, की वहीत त्या बापाला मुलगी नाही.

कृष्णराजने तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो हुशार. "शरणबसप्पा, युवराजच्या नावाशेजारी हर्षालीचं लिहा. बहीण म्हणून. दोघंही राहतील. विषय संपला. काय अप्पा?"

महारुद्रांनी मान हलवली. "लिही. माझी ना न्हाय. तसं मघाशी नीट म्हणली असती, तर तवाच लिवलं असतं."

"न्हाय," कमलबाई म्हणाली. "खोट्याच्या शेजारी माझी लेक नको. म्या दत्तक घेतला न्हाय. व्हकार दिला न्हाय. ते खोडा आधी."

शरणबसप्पाने दोन्ही हात वहीवर ठेवले. "खोडता येत न्हाय, बाई. आमच्या सात पिढ्यांत कुणी खोडलं न्हाय. दत्तक मोडायचा, तर मोडला म्हणून खाली लिवतो. पण ते घेणाऱ्या आईनं मोडायचं असतंय. चार माणसांत, पोराच्या तोंडावर, हा माझा न्हाय म्हणायचं. मग म्या लिवतो."

"बांधताना आईला विचारायची गरज नव्हती," हर्षाली म्हणाली, "आणि सोडताना मात्र आईनं बोलायचं?"

"चूक माझी हाय, ताई. पर रीत म्या बदलू शकत न्हाय."

कमलबाईने युवराजकडे पाहिलं. सोलापूरहून येताना त्याने तिच्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता, सख्ख्या आईसाठी नाही, तिच्यासाठी. त्याच्या लग्नात मुलाची आई म्हणून मिरवायची वेळ आली, तेव्हा रुद्रम्माच्या बरोबरीने त्याने हिलाही खेचून पुढे उभं केलं होतं. हर्षाली हॉस्टेलवर असायची, तेव्हा घरात रात्री हाक मारणारं माणूस हेच होतं. आणि त्याच्याच तोंडावर म्हणायचं.

"म्हण, काकू," युवराज म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी सांगतोय, म्हण. हर्षीच्या जागेवर मला बसायचं नाही."

"कमळे, जरा इचार कर," महारुद्र म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "नंद्याच्या नावाला पुढं कुणी ऱ्हाणार न्हाय. हर्षी उद्या लग्न करून जाईल. मग काय? कोरं पान? आपल्या हातानं बुडवतीस व्हय त्याला?"

"तुमच्या भावाला लेक झाली तवा त्यो गावभर पेढे वाटत फिरला व्हता, भावजी. तुमीच म्हणाला व्हता, लेकीचे कुठं पेढे वाटत्यात व्हय, येड्या. त्याला ठाव व्हतं त्याला काय हाय ते. तुमाला न्हाय कळलं."

मग ती युवराजच्या समोर गेली. त्याच्या गालाला हात लावायला गेली आणि हाताला पुरण आहे, हे लक्षात येऊन थांबली.

"ह्यो माझा मुलगा न्हाय," ती म्हणाली. "म्या घेतला न्हवता. मला कुणी इचारलं न्हवतं. नंदीशला लेक एक. हर्षाली. लिवा."

शरणबसप्पाने लिहिलं. दत्तक मोडला. मुलगी एक, हर्षाली. सांगणार कमलबाई. हेळवी लिहिलेलं मोठ्याने वाचतो, तसं त्याने वाचलं. कमलबाईने डोळे पुसले नाहीत, ती तशीच उभी राहिली.

"आता ह्याला माझ्याखाली लिवा," रुद्रम्मा म्हणाली. पदर तिने खाली सोडला होता आणि ती उठून उभी होती. "कृष्णराजच्या बरोबरीनं. मला दोन पोरं हाईत. म्या सांगती."

शरणबसप्पा घुटमळला. "मोठ्या बाई, हितं देणारा बाप हाय. त्यांनी दिला तसा त्यांनी परत घेतला पायजे. मालकांनी सांगावं."

सगळ्यांनी महारुद्रांकडे पाहिलं. साधी गोष्ट होती. एक नाव घ्यायचं होतं, ते नावही त्यांनीच ठेवलेलं. पण महारुद्रांच्या मनात तेव्हा युवराज नव्हताच. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की सव्वीस वर्षं एकट्याने वाहिलेलं त्यांचं दुःख या बायकांनी चार माणसांत खोटं ठरवलं. त्यांनी काठी घेतली.

"म्या एकदा दिलेलं परत घेत न्हाय," ते म्हणाले. "तुमी मोडलं, तुमी बघा. त्याला कुठं लिवायचं, ते तुमीच ठरवा."

"अप्पा," युवराज म्हणाला.

महारुद्र दाराकडे निघाले.

"अप्पा, मी कुठंच नाही मग."

महारुद्र थांबले नाहीत. कृष्णराज, जो मधे बोलत नसे, तो आत्ताही बोलला नाही. आणि युवराजने अशा आवाजात, की हर्षालीला त्याचं लहानपणचं तोंड आठवावं, शरणबसप्पाला सांगितलं, "राहू द्या. वही बंद करा."

"वही बंद करायची न्हाय!"

कमलबाई धावत गेली नाही. ती चालत गेली आणि महारुद्रांच्या पुढे जाऊन तिने दाराला आतून कडी घातली. पुरणाचा हात कडीवर उमटला. तीस वर्षं ती या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली होती. आता पदर खांद्यावर पडला होता आणि तिने तो सावरला नाही.

"बाजूला हो," महारुद्र म्हणाले.

"न्हाय होत."

"कमळे, म्या तुझा थोरला दीर हाय."

"म्हणूनच सांगती. एका लेकराला तुमी अकरा वर्षं बाहेर ठिवलं, का तर भावाची माया. आता पोटच्या लेकराला बाहेर ठिवताय, का तर बायकांचा राग. तुमाला माणसं नकोत, भावजी, तुमाला तुमचाच शबूद खरा करायचाय. म्या आज माझ्या तोंडानं ह्याला माझा न्हाय म्हणलंय. काय लागलं असंल मला त्याला? म्या म्हणलं की न्हाय? मग तुमाला नुसतं माझा हाय म्हणाया काय होतंय? म्हणा. म्हणल्याबिगर हे दार उघडत न्हाय."

महारुद्रांनी काठी उचलली. हर्षाली पुढे झाली, पण कमलबाई जागची हलली नाही. काठी वरच राहिली. त्यांनी मागे वळून पाहिलं. युवराज त्यांच्याकडे बघत नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ नंदीशच्या पाठीसारखी होती, हे महारुद्रांना त्या वेळी दिसलं की काय, कोण जाणे.

"युवराज!" ते ओरडले. शिवी दिल्यासारखे ओरडले. समोरच्या घरातली माणसं ओसरीवर आली. "लिही! युवराज, बाप महारुद्र! माझा हाय! माझाच हाय त्यो! झालं समाधान?"

शरणबसप्पाची लेखणी चालू झाली. तेवढाच आवाज बैठकीत राहिला. तो थांबेपर्यंत कमलबाई दाराशी उभी होती. मग तिने कडी काढली, पदर डोक्यावर घेतला आणि बाजूला झाली.

"जावा आता," ती म्हणाली. "कुठं जायचं व्हतं ते."